छत्तीस फेऱ्यांची वाकळ

गोधडीवर मराठीत लिहायचं म्हटलं की पहिल्या परिच्छेदात आजी येते, दुसऱ्यात ऊब येते आणि तिसऱ्यापर्यंत लिहिणाऱ्याचे डोळे भरून येतात. डोळे भरले की समोरचं नीट दिसत नाही. माझ्याकडे आजीने शिवलेली एक गोधडी आहे. आमच्या जत भागात तिला वाकळ म्हणतात, आणि मी पुण्यात आल्यावरच तिला गोधडी म्हणायला लागले. गेली काही वर्षं मी ती पांघरण्यापेक्षा बघतेच जास्त. जमिनीवर अंथरायची, गुडघे टेकायचे, चष्मा चढवायचा, शेजारी फूटपट्टी ठेवायची. घरच्यांना हा प्रकार चमत्कारिक वाटतो. पण गाण्याच्या बैठकीत बसलेला माणूस मांडीवर मात्रा मोजतो, तेव्हा त्याला कुणी वेडा म्हणत नाही.

तर आधी मापं. लांबी सहा फूट, रुंदी साडेचार. खालचं अस्तर एका नऊवारी लुगड्याचं. लुगड्याचा पन्हा सव्वा वार, म्हणजे ४५ इंच. वाकळेची रुंदी ५४. उरलेले नऊ इंच आजोबांच्या धोतराने भरून काढलेत. ही जोड एका अंगाला आहे, मधोमध नाही. मध्यावर जोड आली असती तर झोपणाऱ्याच्या पाठीखाली शिवण टोचली असती. रंग बघायच्या आधी ही गोष्ट बघावी, कारण बाईने सुई हातात घेण्यापूर्वी कापड जमिनीवर टाकून किती विचार केला होता, ते इथं कळतं.

वरच्या ठिगळांतही असाच हिशोब दिसतो. कडेच्या दोन-तीन फेऱ्यांत गडद तुकडे आहेत, काळे, जांभळे, चॉकलेटी, कारण कडा लवकर मळतात. पायथ्याकडे जाड कापड आलंय, त्यात खाकी बरंच. हे खाकी माझ्या काकांच्या शाळेच्या चड्डीचं. एका तुकड्यावर आजूबाजूपेक्षा गर्द असा एक चौकोन आहे. तिथं खिसा होता. खिसा उसवून काढला, पण त्याच्याखालच्या कापडाला कधी ऊन लागलंच नव्हतं, म्हणून ते कोरंच राहिलं. उशाकडे मात्र सगळी विरलेली, मऊसूत लुगडी. गालाला जे लागायचं ते कापड वेगळं आणि टाचेला लागायचं ते वेगळं, हे आजीने कुठं लिहून ठेवलं नव्हतं. तिच्या बोटांना ते माहीत होतं.

इथवर आलं की बघणारे ठिगळांवर थांबतात. रंगसंगती किती उपजत होती, असं म्हणतात. मला हे कौतुक थोडं खोटं वाटतं. घरात जे फाटलं ते वाकळेत आलं. त्या वर्षी काकांची चड्डी फाटली नसती तर खाकी आलंच नसतं. ठिगळांत निवड असते, पण ती हाताशी असलेल्या बोचक्यातून केलेली निवड. आणि फाटलेलंही लगेच वाकळेत जात नसे. लुगडं मध्ये विरलं की तेवढा भाग कापून दोन्ही धडके जोडायचे, त्याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलं लुगडं आणखी दोन वर्षं निघायचं. मग त्याची बाळाची दुपटी, बाळंते, नाहीतर पुसायची फडकी. एवढ्यातूनही जे उरायचं ते बोचक्यात. त्या बोचक्याला रंगाचं शास्त्र चिकटवणं म्हणजे पिठलं-भाकरीला मेन्यू म्हणण्यासारखं आहे.

वाकळेतली कारागिरी माझ्या मते दोऱ्यात आहे. हे मत मुळात आजीचंच. ती शिवत बसली असताना मी एकदा विचारलं होतं, "आज्जी, हितं निळं ठिगळ का लावलंस?" तिने मानही वर केली नाही. म्हणाली, "ठिगळं कुटलीबी चालत्यात गं. दोरा मातूर एका हातचा पायजे."

टाका साधा, धावदोरा. सुई खाली, सुई वर, एवढंच. शिवणकामाच्या वर्गात सगळ्यांत आधी शिकवतात आणि मग कुणी त्याला विचारत नाही. वाकळेत मात्र शिवणही तोच करतो आणि नक्षीही तोच. आजीने कडेपासून सुरुवात केली. चारी बाजूंनी एक फेरी, ती पुरी झाली की पाऊण इंच आत सरकून दुसरी, मग तिसरी. अशा ३६ फेऱ्या आहेत. प्रत्येक कोपऱ्यावर दोरा काटकोनात वळतो आणि हे कोपरे एकाखाली एक येत गेले की कोपऱ्याकडून आत एक तिरकी रेघ आपोआप उमटते. ती कुणी आखलेली नाही, कुणी शिवलेलीही नाही. ती नुसत्या वळणांची रेघ आहे. चारी बाजूंच्या तिरक्या मिळून वाकळेला बंद लखोट्याच्या पाठीसारखा आकार येतो. सकाळचं ऊन तिरपं पडलं की तो उठून दिसतो आणि दुपारी दिसेनासा होतो.

आता मधे काय होतं ते बघा. चौरस असता तर फेऱ्या आकसत आकसत एका बिंदूवर संपल्या असत्या. वाकळ लांबट आहे, म्हणून ती बिंदूवर संपत नाही. शेवटी मधोमध एक सरळ रेघ उरते. लांबीतून रुंदी वजा करा, १८ इंच. जुन्या मापात बरोबर एक हात. आजीला वजाबाकी येत होती, पण ही वजाबाकी तिने केली नसावी. वाकळेनेच ती केली. त्या हातभर रेघेवर टाके जरा दाट आहेत, कारण तिथं सगळीकडून लोटत आलेलं कापड गोळा होतं. कडेपासून आत येताना सैल कापडाची एक लाट सुईपुढे पळत असते आणि शेवटी तिला कुठंतरी मुरवावं लागतं. कसलेली बाई ही लाट दर फेरीत थोडी थोडी जिरवत आणते, नवखीची मधे फुगून बसते. आमच्या वाकळेच्या मध्यावर हात फिरवला तर थोडी दाटी लागते, फुगवटा लागत नाही.

एका इंचात तीन टाके. मी दहा ठिकाणी मोजले, नऊ ठिकाणी तीनच भरले. सगळ्या फेऱ्यांची लांबी मिळून ४३२ फूट, म्हणजे साडेपंधरा हजार टाके. यापुढे ऊब वगैरे शब्द मला जरा पातळ वाटायला लागतात.

दोरा वावभर तोडायचा, म्हणजे दोन्ही हात फैलावून जेवढा मावेल तेवढा. त्याहून लांब घेतला तर गुंता होतो, आखूड घेतला तर दर चार बोटांवर गाठ. दोरा संपला की आजी गाठ वर ठेवत नसे. दोन टाके एकमेकांवर घालून शेपूट आत, थरांमध्ये खेचून घेई. ही जागा डोळ्यांना दिसत नाही. बोटांना लागते, कणीएवढी. आणि दोरा किंचित ओढलेला आहे. फार ओढला तर कापड चुरगळतं, सैल सोडला तर थर एकमेकांवरून घसरतात. हव्या त्या बेताने ओढला की दोन ओळींमधलं कापड पावसाळी नांगरटीसारखं हळूच वर येतं. या वरंब्यांत हवा धरली जाते. वाकळ गरम का लागते याचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच आहे.

एक गंमत राहिली. बाहेरून अकराव्या फेरीला, उजव्या अंगाला, टाका बदलतो. इंचात तीनचे पाच होतात, बारीक, गच्च, जरा भित्रे. दीड वीत चालतात, सुटतात. बाराव्या फेरीत पुन्हा तिथंच. तेराव्यातही. चौदाव्यापासून आजीचा ऐसपैस टाका परत. कुणीतरी तीन दुपारी तिच्या शेजारी बसून गेलंय. आईला विचारलं तर म्हणाली, "मी न्हाई बाई, मला त्यांनी हातच लावू दिला नव्हता." दोरा एका हातचा पाहिजे म्हणणाऱ्या बाईने तो कुणाच्या हाती दिला? तिने ते उसवलं नाही, हेही लक्षात घेण्यासारखं.

या वाकळेत एक मानाचा तुकडा आहे. आजीच्या लग्नातल्या इरकलीचा पदर, लाल रेशमी, पांढऱ्या पट्ट्यांचा. इरकल म्हणजे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं इळकल. सीमेवरच्या आमच्या घरांत कानडी बाजार आणि मराठी बोली एकाच दारातून आत येत. पदराजवळच्या काळ्या अंगावर कशिदा आहे, धारवाडकडची कसूती. त्यात तुळशीवृंदावन आहे, पालखी आहे, हत्तीचा मागचा अर्धा भाग आहे. पुढचा अर्धा कुठल्या दुपट्यात गेला कोण जाणे. कसूती कापडावर आधी रेखाटत नाहीत. उभे-आडवे धागे मोजत जायचं, पेन्सिल नाही, गाठ नाही. तिचे टाके चार. गवंती हा दुहेरी धावदोरा, जाताना एकाआड एक टाका आणि येताना मधल्या जागा भरत, त्यामुळे सुलट-उलट दोन्ही बाजू एकसारख्या. मुरगी तोच, पण जिन्याच्या पायऱ्यांसारखा. नेगी विणल्यासारखा दिसणारा. आणि चौथा मेंथी. मेंथी म्हणजे मेथी. मेथीदाण्यांसारख्या ठसठशीत फुल्या. ज्याला आपण क्रॉस स्टिच म्हणतो, तोच टाका.

मला हे नाव फार आवडतं. फुलीला फुली म्हणणं ठीकच आहे, पण मेंथी म्हणणाऱ्या बाईने तो टाका स्वयंपाकघरातल्या मापाने मोजला होता.

आजीने या मानाच्या तुकड्याचं काय केलं? तो मधोमध नाही. मध्याच्या डावीकडे, जरासा खाली आहे. आणि धावदोरा त्याच्यावरून सरळ निघून जातो. तुळशीवृंदावनाच्या कमानीतून एक ओळ, कुंडीवरून दुसरी, हत्तीच्या पाठीवरून तिसरी. आजचा डिझायनर दोरा नक्षीभोवती वळवून नेईल, नक्षी फुगवील, तिला चौकट देईल. आजीचा दोरा लग्नातल्या पदरासाठी वाकला नाही आणि चड्डीच्या खाकीसाठीही नाही. पाऊण इंच म्हणजे पाऊण इंच. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला हे निर्दय वाटलं होतं. आता तो वाकळेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. मोजून, जपून भरलेल्या मेंथीवरून न मोजणारा धावदोरा चालत जातो आणि दोघांचंही काही बिघडत नाही. हां, एक बिघडलं. पदराचा लाल रंग सुटून शेजारचं धोतर गुलाबी झालं. नवरात्राआधी घरातल्या सगळ्या वाकळा ओढ्यावर धुवायला जात. त्यातल्याच एखाद्या धुण्यात हे झालं असणार.

धारवाडशेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी लोकही असंच कडेपासून आत शिवत येतात. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. पोर्तुगिजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज त्यांच्यात आहेत. चारी कोपऱ्यांवर तिकोनी घड्यांचं फूल बसवल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं ते मानत नाहीत. आमच्या वाकळेला असलं फूल नाही, आणि कवंदीचे फोटो बघितल्यापासून तिचे कोपरे मला जरा उघडे वाटतात. उलट अमेरिकेत अलाबामामधल्या गीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्यांत एक जुना प्रकार आहे, घराचं छप्पर नावाचा. तिथं एकात एक चौकोन कापडाचेच, आणि ते मधल्या तुकड्यापासून बाहेर वाढत जातात. आमचे चौकोन दोऱ्याचे आणि बाहेरून आत येणारे. त्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनीत भिंतींवर लागल्या, आधुनिक चित्रांशी त्यांची तुलना झाली. फार चांगलं झालं. फक्त भिंतीवर लावली की गोधडीची उलटी बाजू भिंतीकडे जाते, आणि निम्मं वाचायचं राहून जातं.

उलट्या बाजूचं वेड मला क्रॉस स्टिचमुळे लागलं, हे कबूल करते. आईच्या पिढीत दुसुतीवर फुल्यांचा पोपट भरून, चौकट करून दिवाणखान्यात टांगायची पद्धत होती. पोपट, त्याच्याखाली गुलाब, त्याच्याखाली इंग्रजीत वेलकम. या पोपटांची मी पुष्कळ चेष्टा केली आणि चाळिशीत स्वतः तेच करत बसले. हल्ली दुसुतीऐवजी आयडा नावाचं चौकटीचौकटीचं कापड मिळतं, इंचाला १४ घरं. दोऱ्याची लड सहा पदरी, त्यातले दोन पदर सुईत ओवायचे. फ्रान्समधल्या म्यूलूझच्या डीएमसी कंपनीचे दोरे वापरणाऱ्या बायका रंगांची नावं घेत नाहीत, आकडे सांगतात. ३१० म्हणजे काळा. ही कंपनी १७४६ सालची.

यातला आनंद मोजण्याचा आहे. डावीकडून जाताना अर्ध्या तिरक्या, परतताना त्यांच्यावर दुसऱ्या. नियम एकच, पण कडक. वरची तिरकी सगळीकडे एकाच दिशेची हवी. एक जरी उलटी पडली तरी उजेड तिच्यावर वेगळा पडतो आणि पोपटाच्या छातीवर ठिपका दिसतो. दुरून काय चुकलं ते कळत नाही, पण काहीतरी चुकलंय हे लगेच कळतं. आणि एखादं घर मोजायला चुकलं तर ते चाळीस ओळींनंतर, चोच डोळ्याशी जुळेना तेव्हा लक्षात येतं. मग उसवायचं. अख्खी दुपार उसवण्यात गेलेल्या बाईशी त्या दिवशी घरात कुणी फार बोलू नये.

पाच बाय सात इंचांचं चित्र म्हणजे ६,८६० फुल्या. प्रत्येकीच्या दोन तिरक्या, म्हणजे पावणेचौदा हजार टाके. आजीच्या वाकळेहून थोडेच कमी. तेवढ्या टाक्यांत तिच्याकडे तीन लेकरं झोपायची, माझ्याकडे एक पोपट बसतो. ही तुलना मी स्वतःला चिमटा काढण्यासाठी करते, पोपटाला कमी लेखण्यासाठी नव्हे. घरं मोजताना डोक्यातली बाकीची मोजणी थांबते. दूधवाल्याचा हिशोब, लेकीची फी, सगळं गप्प होतं. धावदोऱ्याने तसं होत नाही. वाकळ शिवताना हात आपोआप चालतो आणि डोकं मोकळं सुटतं. म्हणून वाकळ शिवणाऱ्या बायका एकीकडे अखंड बोलू शकत, आणि फुल्या भरणारी बाई "थांब, बेचाळीस" म्हणून सगळ्यांना गप्प करते.

पुरं झालेलं क्रॉस स्टिच चौकटीत जाण्यापूर्वी मी उलटं करून बघते. तिथं दोरे एका रंगाकडून दुसऱ्याकडे उड्या मारत गेलेले दिसतात, शेपटं दिसतात, आळस दिसतो. पोपटाच्या मागे चोरवाटांचा नकाशाच असतो. आजीची वाकळ उलटी केली तर तिथंही तेच टाके, तीच ३६ फेऱ्यांची रांग, फक्त रंग जवळजवळ एकच. धावदोऱ्याला उलट-सुलट नाही, जेवढं वर तेवढंच खाली. ठिगळांचा गोंगाट नसल्यामुळे दोऱ्याचं काम मला या बाजूनेच जास्त कळलं. वाकळ पारखायची तर आधी उलटी करावी, असं माझं मत झालंय. विकत घ्यायला निघालेल्यांनाही हेच सांगेन. दुकानातल्या पुष्कळ गोधड्यांत आता मशीनची टीप आहे, मधे पॉलिएस्टरचा पिंजलेला थर. त्या हलक्या असतात, लवकर वाळतात, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण मशीनच्या टिपेत अकराव्या फेरीला कुणी भित्रं माणूस येऊन बसत नाही.

गेल्या हिवाळ्यात उशाकडचं एक लुगडं फाटलं. फाटलं म्हणजे विरून विरून नाहीसं झालं, पोस्टकार्डाएवढं. वर ठिगळ लावायला म्हणून मी वाकळ मांडीवर घेतली, तर आतून आणखी एक कापड डोकावलं. पिवळं, त्यावर बारीक लाल छत्र्या. कुण्या लहान मुलीच्या झग्याचं असावं. आईने ओळखलं नाही. मोठ्या आत्याला फोटो पाठवला, तिनेही नाही. आजीने ते दोन थरांमध्ये, कुणाला दिसणार नाही असं घातलं होतं, आणि वरचं कापड झिजेपर्यंत ते तिथं होतं.

ठिगळ लावलं नाही. भोकाच्या कडा उसवू नयेत म्हणून भोवती फुल्या घालायच्या ठरवल्या, मेंथी. साधी सुई सात थरांतून जाईना, अंगुस्तान घालूनही जाईना. शेवटी दाभण घेतलं. जुन्या लुगड्याला मोजायला घरं नाहीत, आणि विरलेले धागे माझ्या चष्म्याला मोजवत नाहीत. त्यामुळे फुल्या लहानमोठ्या झाल्यात. सहावीची वरची तिरकी उलटी पडली आहे. दिसतेय मला, पण अजून उसवलेली नाही.